शेळीनं खाल्लेलं तारू

…न्हाई, एकानं बी खरं मानलं न्हाई. चर्चच्या पाळकसाहेबांना सांगितलं, मंडळीतल्या बायांना सांगितलं, नळावर घागर भरता भरता सांगितलं, घरी आमच्या मालकांना जेवताना दुसरी भाकर ताटात टाकत सांगितलं, तर ते म्हणले, "बरं." आणि घास गिळून म्हणले, "पण खरं काय झालं?" आता सांगा. खरं काय झालं तेच सांगायलेय की मी. शेळीनं खाल्लं. नोहाचं तारू, माणूस आडवा झोपंल एवढं लांब, आतल्या जनावरांसकट शेळीनं खाल्लं. ह्यात न समजण्यासारखं काय हाय? पण चौथी शिकलेल्या बाईचं कोण खरं धरतंय?

तुम्ही बसलाव म्हणून पहिल्यापासून सांगते. मधी उठू नका, एकदा सुटलं की मला परत धागा सापडत न्हाई.

मी इंदिराबाई. आळंदच्या अलीकडं, सडकेला लागून जे गाव हाय, तिथली. सोमवार ते शनिवार डाळीच्या गिरणीत तूर निवडते. खडा इकडं, तूर तिकडं, खडा इकडं, तूर तिकडं… संध्याकाळी डोळे मिटले तरी आत खडेच दिसतेत. तिथं मला "ए बाई" म्हणतेत. बारा-तेरा वर्षं झाली, नाव कुणाला ठाऊक न्हाई. आणि रविवारी सकाळी, मंडळीच्या चर्चमागं जी पत्र्याची खोली हाय ना, तिथं वीस-बावीस लेकरं मला टीचर म्हणतेत. दीड घंटा. आठवड्यातून दीड घंटा मी टीचर असते, बाकी सगळा वेळ ए बाई. आता तुम्हीच सांगा, तो दीड घंटा कुणी काढून घेतला तर माझ्याजवळ काय राहतंय?

बायबल मला वाचायला येतं, येत न्हाई असं न्हाई. पण अक्षराखाली बोट धरून. आणि नबुखद्नेस्सर असलं नाव आलं की बोट तिथंच बसतं, चहा पिऊन येते म्हणतं. म्हणून मी गोष्ट वाचत न्हाई, करते. कातर घेते, कागद घेते, खळ घेते, आणि लेकरांना घेऊन बसते. कागद कुठून आणायचा? लग्नपत्रिका. आमच्याकडं एका घरात लग्न निघालं की चार गावांत पत्रिका जातेत. जाड कागद, वर सोनेरी चमकी, असला कागद आळंदच्या बाजारात मिळत न्हाई. त्याच्यावरचा गणपती मी पहिल्यांदा सांभाळून कापते आणि ज्याच्या त्याच्या घरी परत देते, कुणाच्या देवाला खळ लावायची न्हाई, हा माझा नेम हाय. मग राहिलेल्यात काय काय केलंय म्हणता? योसेफाचा रंगीत झगा केलाय. योनाचा मासा केलाय, पोटाला दार असलेला. गल्याथ केला, बायबलातला आडदांड राक्षस, तर लेकरांनी त्याला मिशा लावल्या आणि आमच्या गिरणीच्या मुकादमाचं नाव दिलं. मी बी राहू दिला. हुबेहूब होता.

आणि यरीहोची भिंत केली. तिथंच माझं नशीब फिरलं. दोन वर्षांपूर्वी लेकरांनी खोक्यांची भिंत उभी केली, सात फेऱ्या मारल्या, ओरडले, भिंत पडली. झाली गोष्ट. आता पडलेली भिंत घेऊन मी काय करू? पुन्हा बांधू? देवानं पाडलेली? सोमवारी चुलीत घातली, पाणी तापवलं, आंघोळ केली. तर पाळकसाहेबांनी ते बघितलं आणि मनात धरलं. आमचे पाळक राजपालसाहेब, माणूस चांगला, पण विसरत न्हाई काय. आणि बोलतेत कसं, पुस्तक बोलल्यासारखं. "इंदिराबाई, पवित्र कार्यासाठी केलेली वस्तू आपण सरपणात घातलीत?" व्हय घातली. थंडी होती.

बरं. तर ह्या उन्हाळ्यात गुलबर्ग्याहून चिठ्ठी आली. पाटीवरचं नाव बदललं तरी आम्ही गुलबर्गाच म्हणताव, माफ करा. पाळकसाहेबांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "प्रिय भगिनी, यापुढे प्रत्येक वर्गास प्रशिक्षित शिक्षिका असावी असा विचार आहे. सुट्टीच्या दहा दिवसांच्या वर्गानंतर, शेवटच्या रविवारी, विजयश्री टीचर येऊन मुलांचे काम पाहतील, आणि ते पाहून ठरवतील." म्हणलं, काय ठरवतील? म्हणले, "वर्ग आपणाकडे ठेवायचा, की टीव्ही बसवून गुलबर्ग्याहून धडा दाखवायचा." म्हणजे लेकरांनी हात मांडीवर ठेवून टीव्ही बघायचा. मग घरी काय दगड बघतेत का? आणि मी काय करायचं, टीव्हीवरची धूळ पुसायची? पण बोलून उपयोग काय? चौथी शिकलेल्या बाईचं कोण खरं धरतंय?

गिरणीतून दहा दिवस बिनपगारी सुट्टी घेतली आणि ठरवलं, नोहाचं तारू करायचं, जलप्रलयात जनावरांच्या जोड्या वाचवलेलं जहाज. असं करायचं की गुलबर्ग्याची बाई बसमधून उतरल्या उतरल्या दिसावं. तात्याराव किराणावाल्याच्या घरी नवीन फ्रीज आला होता, त्याचा खोका मागून आणला. त्याला खिडक्या कापल्या, दार कापलं, वर छप्पर. खळ केली ज्वारीच्या पिठाची, मोठं पातेलं. आता खळीत मोरचूद टाकतेत, म्हणजे किडा लागत न्हाई, हे मला बी ठाऊक हाय. पण लेकरं बोटं चाटतेत. मोरचूद पोटात गेलं म्हणजे? म्हणून मी त्याच्या जागी मीठ टाकलं. दोन मुठी. ध्यानात ठेवा, मीठ. बाजारचा डिंक बी आणला होता, बाटली बोटाएवढी, तो नोहाला आणि नोहाच्या बायकोला लावला तेवढ्यात संपला. बाकी सगळं मिठाच्या खळीवर.

मग जनावरं. प्रत्येकानं एक जोडी करायची. तर सगळ्यांनी म्हशीच केल्या. पहिल्या दिवशी तारवात चाळीस म्हशी. म्हणलं, लेकरांनो, नोहाचं तारू हाय का दूध डेअरी? सिंह कोण करणार, हत्ती कोण करणार? तर एकानं केले दोन जेसीबी. बिस्किटाच्या चमचम पुड्यांचे. म्हणलं, हे काय जनावर हाय? म्हणतो, "टीचर, पाणी उतरल्यावर चिखल काढायला लागंल की." ठेवले. जोडीनं ठेवले.

आणि मैत्रेयी. पंचशीलाची मुलगी, आठ वर्षांची, जिभेवर नुसता प्रश्न. तिची आई तिला पहिल्या दिवशी सोडायला आली तेव्हाच म्हणली होती, "अक्का, आमच्या घरी आमची बुद्धवंदना, तुमच्याकडं तुमची प्रार्थना, त्यात काय भांडण न्हाई. पण हिला कातर नीट धरायला शिकवा, घरी माझे परकर कापायलीय." तर ही मैत्रेयी पाचव्या दिवशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"टीचर, एवढे दिवस पाऊस पडला, मग म्हशींनी खाल्लं काय?"

"नोहानं आधीच चारा भरला होता. लिवलेलं हाय."

"मग आपल्या तारवात कुठाय?"

घ्या. बरोबरच हाय की तिचं. दुसऱ्या दिवशी सगळी लेकरं घरून चारा घेऊन आली. कडब्याची पानं, भुईमुगाचा पाला, तुरीचं भुसकट. सगळं आत नीट रचलं. आता तुम्ही हिशेब लावायलाव मनात, तुमच्या चेहऱ्यावर दिसायलंय मला. मीठ, ज्वारीचं पीठ, कडबा, भुसकट. व्हय, आता मला बी दिसायलंय. तेव्हा दिसलं न्हाई. तेव्हा मला फक्त तारू दिसायलं होतं, आणि ते इतकं चांगलं झालं होतं की मी रात्री न जेवता झोपले, भूकच लागली न्हाई.

शनिवारी दुपारी शेवटचा हात मारला, लेकरं घरी गेली, खळ ओली होती म्हणून तारू अंगणात उन्हाला ठेवलं. तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी तिसऱ्या दिवशी येतं, ते आलं की मेलेलं माणूस सुद्धा उठून घागर घेतंय. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला घागर डोक्यावर घेऊन अंगणात पाय ठेवला, तर काय बघते…

तारवात शेळी. शेजारच्या नागूबाईची तांबडी शेळी. आत बसलेली न्हाई, उभी, ऐटीत, आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून माझ्याकडं बघायलीय, जशी काय तिलाच देवानं बोलावलंय. दाढीला अर्धी लग्नपत्रिका. तोंडात हत्ती. मी घागर टाकली, ओरडले, तर तिनं हत्ती गिळला, छप्पर फाडलं, एक उडी, दुसरी उडी, गेली. मी आत वाकून बघितलं. म्हशी गेल्या, सिंह गेले, पारवा गेला, पारव्याच्या चोचीतलं पान गेलं, चारा तर चाटूनपुसून. भिंतींचे अर्धे तुकडे खाल्लेले, अर्धे तुडवलेले. राहिले कोण? दोन जेसीबी. आणि बाजारच्या डिंकाचे नोहा आणि नोहाची बायको. नोहा हात वर करून हसायला होता. मीच काढलं होतं ते हसू, स्केचपेननं.

मग मी काय केलं? सांगते, लपवत न्हाई. खाली बसले, रडले. मग उठले. घागर सांडली होती, अंग चिखलानं भरलं होतं, पाणी तापवायचंच होतं… आणि समोर खोक्याचा तळ पडला होता, नावाच्या पट्टीसकट. बिनकामाचा. घातला चुलीत. घातला आणि नेमके त्याच टायमाला पाळकसाहेब दारात. उद्याची तयारी बघायला आलेले. आणि चुलीच्या तोंडातून जो तुकडा बाहेर राहिला होता, त्याच्यावर माझ्याच हातानं मोठ्या अक्षरात लिवलेलं, नोहाचं तारू. जळायलं होतं. हळूहळू.

"इंदिराबाई," पाळकसाहेब म्हणले. चष्मा काढून पुसला, परत लावला. मग म्हणले, "पुन्हा?"

"साहेब, शेळीनं खाल्लं."

"शेळीनं चूल पेटवली?"

आता बोला.

गेले नागूबाईकडं. ती दारात भुईमूग फोडायली होती, आणि शेळी दावणीला, बांधलेली, डोळे अर्धे मिटून. म्हणलं, नागूबाई, तुझ्या शेळीनं माझं तारू खाल्लं. ती म्हणली, "माझी शेळी? इंदिरे, माझी शेळी कडबा बी निवडून खाती. कागदाला तोंड लावायची न्हाई ती, तिच्या आईनं लावलं न्हाई." म्हणलं, मग तोंड कशाला हलवायलीय? म्हणली, "रवंथ करायलीय. शेळ्या करतेत. तुमच्यात करत न्हाईत का?" मी म्हणलं, सुटली होती ती. ती म्हणली, "दावं बघ, गाठ बघ." गाठ पक्की. पळून आल्यावर बांधलेली गाठ पक्कीच असती की. पण तेवढ्यात गल्ली जमली. आणि गल्लीत कुणीतरी बोललं, कोण ते बघितलं न्हाई, बघितलं असतं तर तिथंच पकडलं असतं… "परीक्षेला भिऊन जाळलं असंल बाईनं."

हे लागलं. शेळीनं खाल्लं ते एवढं लागलं न्हाई. भिऊन. मी. चौथी शिकले तर काय भित्री झाले का? पण घरी आले, मालकांना सांगितलं, ते "बरं" म्हणले. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

रविवार उजाडला. विजयश्री टीचर साडेनऊच्या बसनं उतरल्या. पंचविशीच्या असतील, इस्तरीची साडी, हातात फाईल, गळ्यात ओळखपत्र. मला बघून काय म्हणाव्यात? "नमस्कार आजी." आजी. माझे केस अजून पुढून काळे हायत. गिरणीत ए बाई, इथं आजी. बरं, ते बी गिळलं. त्या लेकरांसमोर बसल्या आणि गोड आवाजात सुरू झाल्या, "तर मुलांनो, आपण काय शिकलो? नोहाच्या तारवाचं काय झालं, कोण सांगेल?"

बावीस हात वर.

"शेळीनं खाल्लं, टीचर."

"नाही नाही, नीट आठवा. तारू शेवटी कुठं थांबलं?"

"शेळीच्या पोटात, टीचर."

त्यांनी फाईल उघडली आणि लिवलं. मी उलट्या बाजूनं, बोट न धरता वाचलं. मुलांना कथा चुकीची शिकवलेली आहे. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, प्रार्थना करायले होते का झोपले होते देवाला ठाऊक. मी म्हणलं, झालं इंदिराबाई, दीड घंटा बी गेला. उद्यापासून सातही दिवस खडा इकडं, तूर तिकडं.

आणि तेवढ्यात दारात नागूबाई.

ती आमच्या मंडळीत कधी येत न्हाई, तिचा देव वेगळा. पदर डोक्यावर, हातात सुपली. सुपली दोन्ही हातांनी धरलेली, प्रसाद आणल्यासारखी. सगळ्यांच्या मधनं चालत आली आणि सुपली टीचरच्या फाईलीपुढं ठेवली. आत लेंड्या. शेळीच्या. म्हणलं, ही बाई आता मला मारायलाच आलीय. पण बघते तर, लेंड्या चमकायल्या होत्या. उन्हाची तिरीप पडली होती पत्र्याच्या भोकातून, आणि लेंड्यांत सोनेरी चमकी, लग्नपत्रिकेची. एका लेंडीला तर 'शुभ' असं चिकटलेलं होतं, 'विवाह' पुढच्या लेंडीत असंल.

नागूबाई म्हणली, "सकाळी गोठा झाडायलते. तर हे. इंदिरे, तुझं खरं हाय. काल सुटली होती ती, मी लपवलं. सगळ्यांपुढं खोटं बोलले, म्हणून सगळ्यांपुढं आणलं."

कुणी हसलं न्हाई. पहिल्यांदा तर कुणी हसलं न्हाई. मग मैत्रेयीनं वाकून बघितलं आणि म्हणली, "ही माझी म्हैस." आणि मग लेकरं जी सुटली… पाळकसाहेब सुद्धा, रुमाल तोंडाला लावून. आणि विजयश्री टीचर, तुम्हाला खोटं वाटंल, त्यांनी लिवलेलं खोडलं. मग मैत्रेयीला म्हणल्या, "आता खरी गोष्ट सांग." तिनं सांगितली, चाळीस दिवस, पारवा, पान, डोंगर, आभाळातलं इंद्रधनुष्य, सगळी, हात करून करून, एक शब्द न चुकता. टीचर माझ्याकडं बघून म्हणल्या, "अक्का, गोष्ट छान शिकवलीत." आजीची अक्का झाले.

संपलं असं वाटलं ना? मला बी वाटलं. पण फाईल ती फाईल. टीचरनी पान उलटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "एक रकाना राहिलाय. वर्गाच्या साहित्याच्या नुकसानीस जबाबदार व्यक्तीचं नाव. रिकामा सोडता येत नाही, वर चालत नाही. आणि ज्याचं नाव लिहीन त्याच्याकडे वर्ग किंवा वर्गाचं सामान पुन्हा देता येणार नाही."

आता लिवणार कुणाचं?

पाळकसाहेब म्हणले, "नागूबाई भगिनींची शेळी, म्हणून…" नागूबाई म्हणली, "लिवा माझं." एकटी बाई, त्या शेळीच्या दुधावर तिचा चहा. आणि तिचं नाव लिवलं तर उद्या गल्लीतली लेकरं तिच्या दारात सुपली वाजवतील. मी म्हणलं, तिचं न्हाई. तोवर मैत्रेयी उठली, म्हणली, "चारा आणा मी म्हणलं होतं. माझं लिवा. मी येणार न्हाई परत." तिचं तर मुळीच न्हाई. राहिलं कोण? मीठ कुणी टाकलं, उन्हात कुणी ठेवलं, तळ कुणी जाळला? सगळे माझ्याकडं बघायले. वाईट नजरेनं न्हाई. दमलेल्या नजरेनं. मी बी दमले होते. तोंड उघडलं, इंदिराबाई म्हणायला… आणि समोर टेबलावर पुरावा म्हणून आणून ठेवलेला तो कागदाचा माणूस. हात वर, हसायलाय. ह्याचं काय गेलं?

"थांबा टीचर," म्हणलं. "लिवा. नाव सांगते."

"मंडळीतली व्यक्ती आहे?"

"त्याच्या बी आधीची."

"वय?"

"त्या टायमाला सहाशे."

पेन थांबलं. म्हणलं, वडलांचं नाव लामेख, पाहिजे तर पुस्तकात बघून घ्या, बोट धरून बघा. पाऊस पडायला होता, सगळं बुडायलं होतं, कुणाला कळलं सुद्धा नसतं. वाघ घेतलास घे, हत्ती घेतलास घे. पण शेळीला आत घेताना एकदा माझा विचार केला असता का न्हाई? आणि एक न्हाई, जोडीनं घेतल्या.

विजयश्री टीचर त्या रकान्यावर वाकल्या. मग लिवलं. सही केली. शिक्का मारला. वर्ग माझ्याकडं राहिला, ह्या रविवारी दानीएल हाय, सिंहांची गुहा, बाजारच्या डिंकानं. आणि तो कागद गुलबर्ग्याच्या कपाटात लागलाय, चौथी शिकलेल्या बाईचं एकदाचं खरं धरलेला. कुणाला खोटं वाटलं तर जाऊन बघा, जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात, निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात… नोहा.